मधल्या सुट्टीतला डबा

शुक्रवार पेठेतल्या आमच्या खाजगी शाळेचं टपाल आणणारा पोस्टमन दलित वस्तीतला होता. माठातलं पाणी देऊ केलं तर "हाय की माझ्याजवळ," म्हणत पिशवीतली बाटली दाखवायचा. बहात्तरच्या दुष्काळानंतर एका वर्षी त्याने मुलीसाठी प्रवेशाचा अर्ज नेला, पण महिनाभर भरलाच नाही.

"वस्तीतल्या शाळेत शिकवत न्हाईत, पण पोरगी हसत जाती," तो म्हणाला. "गुरुजी, हितं आमच्यातली पोरगी जेवती कुणासंगं?"

"शाळा फार चांगली आहे," मी मनापासून सांगितलं. बार्शीच्या अशाच शाळेमुळे मी घरातला पहिला पदवीधर झालो होतो.

"ते न्हाय विचारलं."

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम मधल्या सुट्टीत आला. त्याच्या वस्तीतली एकच मुलगी आमच्याकडे शिकत होती. ती जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून भाकरी खात होती. वर्षभर मी तिला शिकवत होतो, पण हे कधी पाहिलं नव्हतं. तो तिच्याशेजारी जाऊन बसला. आपला डबा उघडून त्याने तिच्या भाकरीवर शेंगाचटणी वाढली आणि तिच्याबरोबर सावकाश जेवला.

बाटलीतल्या पाण्याने हात धुऊन त्याने माझं पेन मागितलं आणि अर्ज भरला.

"ठरलं म्हणायचं?" मी विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. "आता दोघी हुतील."