तिवरांना घातलेला बांध

आठवड्याचे सहा दिवस मी बहारीनचा समुद्र बुजवतो आणि शुक्रवारी त्याची माफी मागायला जातो. माझ्या डंपरने आजवर इतकी वाळू ओतली आहे की देशाचा नकाशा दर सोमवारी नवा छापावा लागतो. खोटं वाटत असेल तर सीफ भागात जा; आज मॉल आहेत तिथे पूर्वी मासे पोहायचे. काय करणार, माणसं वाढतायत. गुदैबियात आमच्या एका खोलीत आठ जण राहतात आणि नववा फक्त घोरायला येतो.

शुक्रवारी खाडीत तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं लावायची, हे काम एका बहारीनी शाळेतल्या बाईंनी काढलेलं. दोनशे रोपं त्यांनी स्वतःच्या गच्चीवर लेकरांसारखी वाढवली होती. आम्ही ती चिखलात लावली, तर बोटींच्या लाटांनी ती लगेच डुलायला लागली. माझ्या गावचे काका, हाडाचे गवंडी, म्हणाले, "बांध घालूया." खारं पाणी दिसलं की आम्हा कोकण्यांचे हात शिवशिवतात, गावी भातशेती अशीच राखतात. बाई घरी गेल्यावर आम्ही दगडमातीचा बांध घातला. सुनामी आली असती तर वळसा घालून गेली असती.

पुढच्या शुक्रवारी दुपारी पोचलो, तर बाई बांधावर उभ्या. आत कोंडलेलं पाणी आटून चिखलावर मिठाचा पांढरा थर चढला होता. पानं पिवळी पडलेली. तिवराला भरती लागते आणि ओहोटीही, आणि आम्ही त्याची दोन्ही दारं बंद केली होती.

"पानी किदर?" बाईंनी हळू विचारलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर भरती चढत होती. तासाभरात ती उतरायला लागली असती, मग रात्रीपर्यंत पाणी नाही. आणि त्या उन्हात रोपं रात्र बघणार नव्हती.

"मेल्या, बघतंस काय? खण!" काका ओरडले.

फावडं आपटलं तर ठिणगी उडाली. उन्हाने माती दगड झालेली.

"काका, ह्यो बांध काय किल्लो?"

काका फावड्याच्या दांड्याने दगड उचकटायला लागले. बाई चपला काढून हातांनी दगड उपसू लागल्या. त्यांची बोटं सोलली. पाणी बांधाला टेकलं आणि तिथेच थांबलं. वर चढेना, खाली उतरेना.

"यल्ला! चलो!" बाई पहिल्यांदा ओरडल्या. काकांनी शेवटचा दगड पायाने ढकलला आणि पाणी आत घुसलं. काका त्याच्याबरोबर आडवे झाले. मागच्या रांगेच्या वीतभर अलीकडे पाणी थांबलं. मग आम्ही डोक्यावरची कामाची हेल्मेटं भरभरून पाणी वाहिलं, ओहोटी लागेपर्यंत.

मागची रांग तरीही गेली. बाकीची रोपं आता गुडघ्याला लागतात. गावी मी सांगतो, अख्खी खाडी हेल्मेटने भरली. बांध कोणी घातला, ते सांगत नाही. काकाही सांगत नाहीत. शुक्रवारी ते सगळ्यांच्या आधी पोचतात आणि पडलेला दगड दिसला की उचलून लांब नेऊन टाकतात.