आतून न उघडणारं दार

वहिनीच्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नाही. शाळेच्या पोरांची ने-आण करणारी गाडी ती. चालत्या गाडीत एखाद्या कार्ट्याने खटका ओढला म्हणजे? म्हणून तिने आतला खटकाच काढून टाकलाय. नवऱ्याची कंबर कायमची धरली आणि स्टिअरिंग तिच्या हाती आलं, तेव्हा गल्लीतल्या एकाने विचारलं होतं, "बाई पोरं सांभाळणार की गाडी?"

"दोन्ही. फक्त तुमच्या तोंडाकडे बघायला तिसरा डोळा नाही," असं म्हणून तिने गिअर टाकला होता.

तिच्या धाकट्या दिराचा एक सायकलवाल्यांचा गट आहे. दीर त्याचा कॅप्टन. घरातसुद्धा कॅप्टन म्हटल्याशिवाय ओ देत नाही. समुद्रापासून डोंगरमाथ्यावरच्या गावापर्यंत सायकली हाकायचं ठरलं, तेव्हा सामान, पाणी, पंक्चरचं साहित्य आणि दमलेली माणसं वाहायला वहिनीची गाडी घेतली. घेतली म्हणजे घरचीच म्हणून गृहीत धरली. वहिनी कुरकुर न करता निघाली, कारण या खेपेला वन्सं निघाल्या होत्या.

वन्सं म्हणजे कॅप्टनची थोरली बहीण. सगळी हयात लोकांचे कपडे शिवण्यात गेलेली. "पायडल मारायची सवय आहे गं मला," त्या म्हणाल्या होत्या, "फक्त आजवर जागची हलले नव्हते." आता त्यांना एकच हवं होतं. माथ्यावर पोचायचं ते आपल्या पायांनी.

पहिल्याच दिवशी वहिनीने घोळ घातला, तोही मायेपोटी. दार सताड उघडं टाकून ती चढावर एकेकाच्या शेजारून गाडी हळूहळू चालवत राहिली. "दमलात का? पाणी देऊ? या, बसा घटकाभर." झालं! चांगला धडधाकट बँकवाला बसला, त्याच्या मागोमाग त्याचा मेहुणा बसला, आणि वन्संचाही एक पाय जमिनीला लागला होता. कॅप्टनचा नियम असा की, गाडीत बसला तो शेवटच्या फोटोतून बाद. बँकवाला दिवसभर सुतकी चेहरा करून खिडकीतून बाहेर बघत होता.

मुक्कामाला पोचल्यावर वन्संनी तिला बाजूला घेतलं. "अगं, उघडं दार दिसलं की पाय मऊ पडतात. आणि 'दमलात का' म्हणून विचारत जाऊ नकोस. विचारलं की आठवतं."

दुसऱ्या दिवसापासून दार बंद. गाडी सगळ्यांच्या मागे, हाक ऐकू येईल एवढी जवळ, पण नजरेत येणार नाही एवढी लांब. चढावर थांबायचंच नाही, थांबायचं ते चढ संपल्यावर. केळं सोलूनच हातात द्यायचं. दमलेल्या माणसाला सालीचाही वैताग येतो. कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर आपण खाली वाकून टायर बघायचा. हे तिला नवं नव्हतंच म्हणा. शाळेच्या फाटकाशी नव्या पोराला सोडलं की वळून बघायचं नसतं, वळून बघितलं की ते भोकाड पसरतं. मोठी माणसंही तशीच, फक्त अंगाने वाढलेली.

शेवटच्या दिवशीचा शेवटचा चढ मात्र उरावर आल्यासारखा होता. बाकीचे वर पोचले. वन्सं खालीच, शिलाई मशीनवर बसल्यासारख्या मान खाली घालून पायडल मारत होत्या. मागे वहिनी. तेवढ्यात कॅप्टन वरून सुसाट उतरत आला आणि गाडीला आडवा झाला.

"वहिनी, ताईला गाडीत घे. वर सत्काराला आलेले पाहुणे ताटकळलेत. सगळ्यांनी एकत्र मैदानाच्या फाटकातून आत जायचं ठरलंय."

"वन्सं म्हणाल्या का गाडीत घे म्हणून?"

"तिला काय विचारायचं? हाल बघवत नाहीत तिचे."

"मग बघू नका, भाऊजी. समोर बघून सायकल चालवा."

"अगं, गटाचा प्रश्न आहे!"

"गटात वन्सं नाहीत?"

कॅप्टनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पुढच्या वर्षी दुसरी गाडी बघतो मी."

"बघा. खटका असलेली बघा."

मग तो बहिणीकडे वळला. "ताई, पुरे झालं! उतर आता!"

वन्संनी पाय थांबवला नाही. "लहानपणी तू घातलेली प्रत्येक चड्डी या पायांनी शिवलीय. बोलण्यात माझा दम घालवू नकोस. हो बाजूला."

कॅप्टन बाजूला झाला, पण ऐकून घेणाऱ्यातला नव्हे. बहिणीला मागे टाकून वर जायचं म्हणून तो पायडलवर उभा राहिला, जोर लावला, आणि त्याच्या पोटरीत असा गोळा आला की साहेब थेट रस्त्याकडेच्या गवतात. पाय धरून बराच वेळ कण्हला. चढ पुन्हा चढायचा होता. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, दार."

वहिनीने काही विचारलं नाही. दार उघडलं, पाणी दिलं, त्याची सायकल टपावर बांधली, दार लावलं. गाडी पुन्हा वन्संच्या मागे रांगू लागली.

फाटकाच्या आधी एक वळण होतं. तिथे आतून काच वाजली. "इथेच सोड. पायातला गोळा गेलाय. इथून मी सायकलने जातो."

वहिनी आरशात बघत राहिली. कॅप्टनचा हात दारावर खटका चाचपत होता.

"भाऊजी, गाडीत बसला तो काय होतो?"

"चेष्टा पुरे, वहिनी!"

"वन्संना बसवायला निघालात तेव्हा ती चेष्टा नव्हती, नाही का?" आणि तिने गाडी पुढे घेतली.

वन्सं आत शिरल्या तेव्हा पाहुणे कंटाळून गेले होते, खुर्च्यांची थप्पी लागत होती. त्या उतरल्या आणि कुणी खुर्ची पुढे केली तरी उभ्याच राहिल्या. पहिली टाळी बँकवाल्याने वाजवली. मग वहिनीने सगळ्यांदेखत गाडीचं दार उघडलं आणि आतून कॅप्टन उतरला. हसू दाबायला काहींनी बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या.

फोटोवाल्याने हाक मारली. सवयीने कॅप्टन मधोमध जाऊन उभा राहायला निघाला, तर वन्संनी आपली सायकल त्याच्या हातात दिली. "ही धर. तिकडे, बाजूला."

त्याने धरली.

"वहिनी, तुम्ही पण या," कुणीतरी म्हणालं.

"नियमाने मी पहिल्या दिवसापासून बाद," वहिनी म्हणाली. "रोज गाडीतच होते." आणि बाद म्हणून कडेला थांबलेल्या बँकवाल्यालाही कोपराने ढोसून फोटोत घेत ती वन्संच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मग मी का नाही?" कॅप्टन सायकलीआडून ओरडला.

"तुम्ही नियम केला होता, भाऊजी," ती कॅमेऱ्यावरची नजर न काढता म्हणाली. "मी नव्हता केला."