उजेडाचा काठ

मास्तरांनी डाव्या हाताचा पंजा छातीशी धरायचा, उजव्या मुठीतला किल्लीला लावायचा टॉर्च त्यावर दाबायचा आणि मान तिरकी करून पाहत राहायचं. मग माझ्याकडे न बघताच म्हणायचं, "उजेड नोको पाहू गा. त्याचा काठ पाह्य."

सानगडीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. कव्हर, चार्जर, रिमोटचे सेल आणि काउंटरवर एका तारेला लटकवलेले हे बोटभर टॉर्च. लोक गाडीच्या किल्लीला लावायला नेतात आणि आठवड्यात हरवतात. असा टॉर्च घेताना कुणी दुसऱ्यांदा दाबूनही पाहत नाही. मास्तर मात्र मुलगी पाहायला आलेल्या मामासारखे प्रत्येकात खोड काढायचे. असं गिऱ्हाईक तुमच्याही ओळखीचं असेल. दुरून येताना दिसलं की आपण उगाच कामात डोकं घालतो.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, नाटकातले. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक हवंच. मास्तर वडश्याकडच्या एका कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत लोखंडी पेटीवर बसून हळू आवाजात संवाद वाचायचा, नटाने तो कानाने उचलायचा आणि भरल्या मैदानावर फेकायचा. उभा हंगाम लोक नटाला पाहायचे, मास्तरांना कुणी नाही. पावसाळ्यात ते आपल्या बांधीत धान लावायचे आणि मनातल्या मनात नाटकं म्हणायचे.

"जय भीम गा," म्हणत ते दुकानात शिरले की पहिलं काम म्हणजे शटर अर्धं खाली ओढणं. अंधार हवा ना! मग रिकाम्या खोक्यात एकेक टॉर्च मारून बघायचा. बाहेरचं गिऱ्हाईक दुकान बंद समजून परत जायचं. एकदा एका बाईने माझ्या बायकोकडे तक्रार केली, की तुमचे मालक भरदिवसा दुकान बंद करून झोपतात. बायको म्हणाली, "झोपत नाहीत. मास्तर आले असतील."

मी सगळ्यात भारी माल पुढे करायचो. चार्जिंगचा, चपट्या दिव्याचा, पांढराफेक. "मास्तर, हा बघा. एवढ्याशा वस्तूत एवढा उजेड दुसऱ्या कशात नाही." ते खोक्यात मारून बघत आणि नाक मुरडत. "हा डफडं वाजवणारा हाये. साऱ्या गावाले सांगत फिरन." आणि खरंच, त्याचा उजेड खोकाभर सांडलेला असायचा, कुठे सुरू झाला नि कुठे संपला काही कळायचं नाही. दुसऱ्याला पुढे सरकणारं भिंग होतं. ते सरकवलं की उजेड आखडायचा, पण गोल व्हायचाच नाही, आतल्या दिव्याचा चौकोन तेवढा दिसायचा. "कोनी पत्ता फेकला वाटन," मास्तर म्हणायचे. तिसऱ्याच्या मधोमध काळं भोक आणि भोवती कडी. धातूचा एक होता, त्याचा झोत बरा होता, पण बटण टक्‌ वाजायचं. "वरून माईक लटकते गा. हे टक्‌ मागच्या रांगेत आयकू जाईन." शेवटी हाती उरायचा तो चिमटीत दाबायचा प्लास्टिकचा, आत रुपयासारखा चपटा सेल असलेला. तो मुका होता. पण नवा असताना निळसर भगभगायचा आणि काही दिवसांत दमायचा, आणि काठ म्हणाल तर जुन्या लुगड्यासारखा उसवलेला.

एका दुपारी मात्र माझा तोल गेला. शटर अर्धं खाली, समोर टॉर्चचा ढीग आणि बाहेर हाका मारून गिऱ्हाईक परत गेलेलं. मी म्हणालो, "मास्तर, वही वाचायला कोणताही उजेड चालतो. एवढे नखरे कशाला?"

त्यांनी हातातला टॉर्च खाली ठेवला. मग शटरखालून वाकून बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं.

"वाचाले नाही पायजे. बाईले दाखवाले पायजे."

बाई म्हणजे त्यांच्याच कंपनीतल्या नटी. ऐन उमेदीत नायिका होत्या, आता आईची कामं करायच्या. आमच्या भागात त्या रडल्या की अख्खं मैदान रडतं, हे मी लहानपणापासून पाहत आलेलो. त्या बाईंना ऐकू येईनासं झालं होतं. आधी एक कान, मग दुसरा. भूमिका त्यांना तोंडपाठ असायची, शब्दाला धक्का नाही. पण समोरच्याचं बोलणं कधी संपलं आणि आपण कधी सुरू करायचं, हेच कळत नव्हतं. कानाची मशीन लावून पाहिली, तर ऑर्गन, तबला आणि माईकची शीळ सगळं एकदम डोक्यात घुसायचं. त्यांनी ती काढून ठेवली.

"कंपनीच्या मालकाले मालूम पडलं तं बाईले घरी बसवन," मास्तर म्हणाले. "अन् बाई घरी बसली तं मरन. आजवर मी आवाज दिला, तिनं उचलला. आता आवाज पोचत नाही, तं उजेड देतो. कोनाले सांगू नोको."

तेव्हा मला त्यांचा पंजा कळला. समोरच्या नटाचा संवाद संपला की मास्तर विंगेतल्या अंधारात स्वतःच्या तळहातावर उजेड पाडायचे. बाई डोळ्याच्या कोपऱ्यातून तो पाहायच्या आणि बोलू लागायच्या. उजेड सांडला तर विंगेचा पडदा उजळून पुढच्या रांगेला दिसणार. मंद पडला तर रंगमंचावरच्या दिव्यांपुढे तो बाईंना दिसणार नाही. म्हणून त्यांना हवा होता छोटा, भरीव, जिथल्या तिथे थांबणारा उजेड. मग मीही त्या खुळात पडलो. शटर मीच खाली ओढू लागलो. शेवटी आम्ही एक चिमटीचा टॉर्च घेतला आणि स्केचपेनचं टोपण कापून त्याच्या तोंडावर बसवलं. मास्तरांनी तळहातावर दाबून पाहिला. चवलीएवढा गोल, काठ साफ.

"हा बोलते कमी," ते म्हणाले, "पन ज्याले सांगाचं त्यालेच सांगते."

मी विचारलं, "एकदा लुकलुकवला की झालं ना?"

"बाईले एकदाच पुरते. पन मी लावूनच ठेवतो. तिचं बोलनं सरेपर्यंत." मग जरा ओशाळून म्हणाले, "तिले लोकाइचं रडनं आयकू येत नाही, टाळी आयकू येत नाही. उजेड दिसला का तिले वाटते, कोनी आयकून राहिलं."

त्यांच्याबद्दल आणि बाईंबद्दल लोक काय काय बोलायचे ते मला माहीत होतं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? मी त्यानंतर असं बोलणाऱ्याला दुकानात बसू दिलं नाही.

त्या वर्षी शेजारच्या गावच्या मंडईला मी मुद्दाम नाटकाला गेलो. पहाट होत आली होती, शेवटचा अंक. खाटेवर नायकाचा बाप शेवटच्या घटका मोजतोय, मुलांना चार गोष्टी सांगतोय, उशाशी बाई. त्याने मान टाकली की बाईंचा विलाप, आणि त्यासाठीच बायाबापड्या रात्रभर जागलेल्या. तेवढ्यात समोरच्या विंगेत कंपनीचा नवा दिवेवाला कुठली तरी वायर शोधायला मोबाईलचा टॉर्च लावून वाकला. बाईंना उजेड दिसला. झालं! बाप चांगला उठून बसलेला, हातात पाण्याचा पेला, आणि बाईंनी टाहो फोडला, "धनी, मला एकटीला टाकून कुठं निघालात? आता दिवा लावू तो कुणाच्या वाटेवर?"

बापाचं काम करणारा नट मुरलेला होता. तो म्हणाला, "थांब माय, अजून जीव हाये! दोन गोठी सांगतो, मंग जातो."

मैदान हसून हसून लोळलं. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? मग विंगेकडे नजर गेली. मास्तर पेटीवरून अर्धवट उठले होते आणि त्यांचा रिकामा पंजा तसाच छातीशी होता.

दोन दिवसांनी ते दुकानात आले. शटर ओढलं नाही. स्टुलावर बसले.

"लोक हासले," ते म्हणाले. "बाई खाली आली अन् मले इचारते, मास्तर, आज लोक हासून कायले राहिले होते? मी काय चुकली? मले सांगता नाही आलं गा."

मालकाच्या ध्यानात आलं का, मी विचारलं. नव्हतं आलं. त्याला तो नटाचा हजरजबाबीपणा वाटला, उलट रोज तसंच करा म्हणाला. मास्तरांना ते आणखीच लागलं होतं. "आता माहा उजेड बाईले वळखता आला पायजे," एवढंच ते म्हणाले. आम्ही चॉकलेटचा पिवळा पारदर्शक कागद कापून टोपणाच्या तोंडाशी चिकटवला. उजेड हळदीसारखा झाला. जगात पांढऱ्या टॉर्चचा सुळसुळाट असताना बाईंच्या वाटचा तेवढा पिवळा. पुढचा सगळा हंगाम त्या एकदाही चुकल्या नाहीत. सेल दमायच्या आतच मास्तर तो बदलून न्यायचे आणि निघताना तळहातावर दाबून बघायचे. काठ पाहायचे.

मास्तर गेले ते धानाच्या रोवण्याच्या दिवसांत. बांधीत ओणवे होते, तसेच बसले आणि उठले नाहीत. सकाळी बोलणारा माणूस दुपारी नव्हता. पुण्यानुमोदनाला मी गेलो. मांडवात कंपनीची माणसं होती आणि एका कडेला बाई होत्या. बुद्धवंदना चालू होती. सगळ्यांचे ओठ हलत होते आणि बाई प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहून आपण कुठवर आलो ते शोधत होत्या. मला ते बघवलं नाही.

कार्यक्रम झाल्यावर मास्तरांच्या पत्नी आतून आल्या. ट्रंकेच्या किल्लीला अडकवलेला तो टॉर्च त्यांनी सोडवला आणि बाईंच्या हातावर ठेवला. "हा तुमचाच व्हय," त्या म्हणाल्या. बाईंना ऐकू गेलं नसेल, पण समजलं. लोकांनी इतकी वर्षं जे दळण दळलं, ते त्या माउलीने एका वाक्यात पुसून टाकलं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा बाई माझ्या दुकानात आल्या. अशा वेळी कंपन्यांच्या तालमी चालू असतात. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्याने म्हणाल्या, "याचा सेल सरला. टाकून दे बाबू."

मी हातानेच विचारलं, नाटक? त्यांनी मान हलवली. "मालक येऊन गेले. मी नाही म्हनलं. मले आता जमत नाही म्हनून सांगतलं." खरं कारण त्यांनी मालकाला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं, आणि मलाही सांगितलं नाही. मला ते माहीत असल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

मी टॉर्च उघडला. टोपण, पिवळा कागद, सगळं जिथल्या तिथे होतं. नवा सेल बसवला. दुकानात दोघं-तिघं उभे होते, कुणाचं रिचार्ज, कुणाची काच फुटलेली. बाई रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. सेल लागला की नाही ते बघायला मी टॉर्च दाबला, आणि इतक्या दिवसांच्या सवयीने डावा पंजा आपोआप छातीशी गेला. तळहातावर हळदीचा गोल उमटला. काठ साफ.

बाईंनी मान वळवली नाही. नुसता पदर सारखा केला, पाठ ताठ केली, आणि ज्या आवाजाने मैदानं रडली त्या आवाजात, रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "धनी, मला एकटीला टाकून कुठं निघालात? आता दिवा लावू तो कुणाच्या वाटेवर?"

काच बदलायला आलेल्या माणसाने पायातली चप्पल काढली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बाई थांबल्या नाहीत, पुढचा सगळा विलाप त्या एका जागी बसून म्हणत राहिल्या. यावेळी त्या आधी सुरू झाल्या नव्हत्या. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

त्यांचं बोलणं सरेपर्यंत मी टॉर्च दाबून धरला.