ओलं अस्वल

काल नातीच्या सोंगाचे कपडे शिवताना कापसाचा वास नाकात गेला आणि मला साठ वर्षांपूर्वीची सोलापुरातली होळी आठवली. मी सहा वर्षांची होते. शेजारच्या नरसाक्कांनी, म्हणजे आमच्या गल्लीतल्या विणकर बाईंनी, गिरणीतला टाकाऊ कापूस जुन्या झग्यावर टाचून मला अस्वल केलं होतं. मी होळीकडे पळणार, तोच त्यांनी घागरभर पाणी माझ्यावर ओतलं. माझा सगळा गुबगुबीतपणा गेला. मी रडायलाच लागले.

"वलं अस्वल बी अस्वलच की," त्या म्हणाल्या. "जाळाजवळ कोरडा कापूस नको."

होळीपाशी पोरं हसली, तरी मी हट्टाने नाचले. तेवढ्यात होळीतलं एक लाकूड कोसळलं. ठिणग्या उडाल्या, काही माझ्या पाठीवर पडून चुर्र करत विझल्या. नरसाक्कांनी मला मागे ओढून पाठ चाचपली. मग तशीच ओलीचिंब कडेवर घेऊन लांबूनच होळीला फेरी मारली. घरी येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

तेव्हा वाटलं, लाड करताहेत. आज कळतं, त्या ठिणग्यांनंतर त्यांना मला खाली सोडवत नव्हतं.