अंबाडीचा रंग आणि त्याचं पेटंट

अजूनही कोणी विद्यापीठातल्या संशोधनाचं कौतुक करायला लागलं की माझं डोकं तापतं. मी म्हातारी झाले, तो राग काही म्हातारा होत नाही.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी सोनाळ्याच्या शाळेत मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होते. संग्रामपूरला विज्ञान प्रदर्शन भरणार होतं आणि पुण्याकडून आलेल्या आमच्या सरांनी माझ्यासाठी विषय ठरवला, सजीवांची पेशी. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की विटा रचल्यासारख्या पेशी दिसायच्या, पण त्यांच्यातलं केंद्रक काही दिसेना. त्याला रंग द्यावा लागतो आणि शाळेतली रंगाची बाटली केव्हाच वाळून गेली होती. सर म्हणाले, आकृती काढून टांगू. मला ते पटलं नाही. चित्रच टांगायचं तर सूक्ष्मदर्शक कशाला मांडायचा?

मी हळद लावून पाहिली, कुंकू लावून पाहिलं. सगळं पाण्याबरोबर निघून जायचं. आमचं घर भाजीपाल्याचं. माय मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काळपट लाल बोंडांची अंबाडी लावायची आणि त्या बोंडांच्या पाण्यात गोधडीची फडकी रंगवायची. माझी चिडचिड पाहून ती म्हणाली, "नुसत्या रंगानं काय होते वो? लोखंडाच्या कढईत उकड अन् तुरटी टाक. मंग धरते तो."

तिसऱ्या खेपेला धरला. प्रत्येक पेशीत एक जांभळा ठिपका. मी मायला शाळेत नेऊन दाखवला. तिनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "कांद्यात एवढं असते?"

प्रदर्शनाला विद्यापीठातले एक प्राध्यापक परीक्षक होते. ते माझ्या टेबलापाशी अडकलेच. रंग कसा केला, तुरटी किती, कढई कोणती. मी सावध होते, गुळमुळीत बोलत होते. तेवढ्यात माझ्यासोबत आलेली माय मागून पुढं झाली आणि तिनं सगळी कृती सांगून टाकली. वर मूठभर वाळलेली बोंडं त्यांच्या रुमालात बांधून दिली. आमच्या आळीत बी-बियाणं मागणाऱ्याला नाही म्हणायची रीत नव्हती. नाही म्हटलं की आपल्या वाफ्यातलंही उगवत नाही, असं मानायचे. रंगाची कृती मायच्या लेखी बियाण्यासारखीच. मला पहिलं बक्षीस मिळालं आणि मी मूर्खासारखी खूश झाले.

पुढच्या वर्षी सरांनी मला बोलावून त्या प्राध्यापकांकडून आलेलं एक पत्र दाखवलं. पेशींना रंग देण्याची ही नवी रीत प्राध्यापकांच्या नावानं नोंदवून विद्यापीठानं पेटंटसाठी अर्ज केला होता. मात्र दुसऱ्या अंबाडीचा रंग फिका येतो, तरी त्या मुलीच्या आईकडून पायलीभर बी पाठवावं, अशी विनंती होती. सरांना कोण आनंद. "आपल्या शाळेचं भाग्य बघ," म्हणाले.

"माह्यं नाव कुठी हाये सर?"

"अगं, विद्यार्थ्यांच्या नावावर कुणी पेटंट घेतं का? आणि बोलताना जरा शुद्ध बोलत जा."

माझं नाव गेलं त्याचं त्यांना काही नव्हतं, भाषा मात्र खटकली. मी पत्र टेबलावर आपटलं आणि घरी आले. माय बियाण्याची गाडगी पुसत होती. मी सगळं सांगितलं.

"पेटंट म्हंजे काय?"

"म्हंजे तो रंग आता त्याचा. त्याले इचारल्याबिगर कोणी करू नाही."

"मंग म्या फडकी कशी रंगवू?"

मला समजावता आलं असतं, की घरच्या गोधडीला कोणी हात लावत नाही. पण मी संतापले होते आणि हाताशी तीच होती. "तुले कोणी सांगतलं होतं तोंड उघडाले? माह्या जन्माचं नुकसान केलं तू."

ती पुन्हा गाडगी पुसायला लागली. मी असं बोलायला नको होतं. त्या माणसावरचा राग मी तिच्यावर काढला आणि त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः बी न्यायला आले. मायनं दारातच सांगितलं, "बी सरलं जी." आत दोन गाडगी भरलेली होती. मला वाटलं, जिंकलो आपण. मी दिवसभर तोऱ्यात होते.

चार दिवसांनी शेजारची काकू पदर पसरून आली. सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, बी मूठभर पाहिजे होतं, दर साली न्यायची तसं. माय उठली, गाडग्यावर हात ठेवला आणि थांबली.

"काऊन पायजे?" तिनं पहिल्यांदाच कारण विचारलं.

काकू पसरलेला पदर तसाच धरून तिच्याकडे पाहत राहिली.