रस्त्याकडे पाठ करून बसणारा दुकानदार

जगात कुठलीही नवी गोष्ट निघाली की तिला पहिला विरोध कोल्हापुरात होतो, आणि कोल्हापुरातला पहिला विरोध आमच्या मेव्हण्यांचा असतो, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगू शकतो. आमच्या पेठेत एकेरी वाहतूक सुरू झाली त्या दिवशी ते मुद्दाम उलट्या बाजूने सायकल घेऊन गेले आणि टोकाला उभ्या असलेल्या हवालदाराला म्हणाले, "रस्ता आज्ज्यापासनं हितंच हाय पावणं, तुमी सकाळी आलाय." त्यांच्या घरात मिक्सर आला तेव्हा त्यांनी आठवडाभर चटणीला हात लावला नाही. मोबाइल तर त्यांनी आजतागायत घेतलेला नाही. "तोंड न दाखवता बोलणाऱ्या माणसासंगं काय बोलायचं, दाजी?" असा त्यांचा सवाल असतो. दाजी म्हणजे मी, त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणून मान देतात आणि मग त्या मानाच्या आडून त्याला वाट्टेल ते ऐकवतात.

मेव्हण्यांचं चपलांचं दुकान आहे. दुनियेतला प्रत्येक दुकानदार रस्त्याकडे तोंड करून बसतो, येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळा ठेवतो. आमचे मेव्हणे रस्त्याकडे पाठ करून बसतात. त्यांच्यासमोर गिऱ्हाइकासाठी एक बाक आहे आणि बाकावर बसणाऱ्याच्या तोंडावर दारातला सगळा उजेड पडतो. उन्हाळ्यात तिथे बसलेली माणसं डोळे बारीक करून चपला निवडतात. मी एकदा म्हणालो, "दादा, बैठक जरा फिरवा की. गिऱ्हाईक पाठीमागनं निघून जात असंल." ते म्हणाले, "ज्याला चप्पल पायजे त्यो आत येतोय. ज्याला नको त्याचं तोंड बघून मी काय करू?" त्यांच्याशी बोलताना मला उत्तर सुचायचं ते साधारण घरी पोचल्यावर.

आमच्याकडच्या चपलेचं खरं वैभव म्हणजे तिची करकर. तळाच्या थरांत कारागीर बिया घालतात, त्यामुळे पाऊल टाकलं की ती कर्र कर्र वाजते आणि घालणारा येतोय हे चार घरं आधी कळतं. या करकरीची परीक्षा मेव्हण्यांसारखी कोणी करत नाही. दुकानात एक लांब लाकडी फळी अंथरलेली आहे. गिऱ्हाइकाने नवी चप्पल घालून त्या फळीवर चालायचं. मेव्हणे खाली बसणार, फळीवर तळहात टेकवणार, डोळे मिटणार. गिऱ्हाईक दोन फेऱ्या मारतं. मग डोळे उघडून निकाल: "डावी वाजती. उजवी लाजती." निकाल कधी चुकत नाही. लोक म्हणत, काय दर्दी माणूस आहे! मी म्हणत असे, काय नाटकी माणूस आहे!

त्यांचा आवाज खणखणीत आणि अखंड. पण कोल्हापुरात मोठ्याने बोलणं हा काही दोष धरत नाहीत. हळू बोलणाऱ्याचीच इथे तब्येत विचारतात. समोरचा पुटपुटला की ते खेकसत, "तोंड उघडून बोल की!" गप्पा रंगात आल्या असताना दिवे गेले तर मात्र ते वाक्य अर्ध्यात टाकून गप्प होत, आणि दिवे आले की भलताच विषय काढत. आणखी एक गंमत. तरुणपणी बारा वर्षं ते कबनूरला यंत्रमागावर कामाला होते. तिकडचे त्यांचे जुने सोबती महिन्यातून एकदा येत. ते आले की दुकानात चक्क शांतता पसरायची. सगळे नुसते ओठ हलवायचे आणि मधूनच गडगडाटी हसायचे. ते माझ्याविषयीच बोलताहेत याबद्दल मला शंका नव्हती.

आता माझ्याविषयी. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. परिपत्रक आलं की ते आधी डोक्याला लावायचं आणि मग वाचायचं, अशा शिस्तीत माझी हयात गेली. निवृत्तीनंतर परिपत्रकं यायची थांबली आणि मी सुकत चाललो होतो. तेवढ्यात कोरोना आला. लोक घाबरले, मी, खोटं कशाला सांगू, टवटवीत झालो. पेठेच्या दक्षता समितीचा अध्यक्ष म्हणून माझी एकमताने निवड झाली, म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं. गळ्यात ओळखपत्र, हातात शिट्टी, तोंडावर एकावर एक दोन मास्क. शिट्टी वाजवायला दोन्ही मास्क खाली ओढावे लागत, हा या योजनेतला बारीकसा दोष होता. चष्म्यावर वाफ धरायची. त्या वाफेतून मी एकदा कापडदुकानाबाहेरच्या पुतळ्याला मास्क नाही म्हणून तीनदा दटावलं होतं.

दोन महिने बंद असलेली दुकानं उघडली आणि प्रत्येक दारावर पाटी लागली: मास्कशिवाय प्रवेश नाही. आठवड्याभरात मेव्हण्यांच्या दारावरही लागली. खडूने, ठसठशीत अक्षरात: 'तोंड बांधून येणाऱ्यास दुकानात प्रवेश नाही.'

पेठेत हलकल्लोळ उडाला. मास्कला आधीच कंटाळलेले दहापंधरा वीर "बरोबर हाय!" म्हणत दुकानासमोर जमले. समोरचे अत्तरवाले चाचा हात जोडून म्हणाले, "अध्यक्षसाहेब, तुमचे पावणे हायेत, तुम्हीच बघा." मी गेलो. नात्यागोत्याचा विचार न करता कर्तव्य बजावण्याची अशी संधी नोकरीत मला कधीच मिळाली नव्हती.

"दादा, ही पाटी उतरवा," मी मास्कमधून म्हणालो.

"आदी त्ये फडकं काढा, मग बोला."

"अहो, साथ आहे. नियम आहे."

"फडकं काढा म्हंतोय न्हवं!"

"उद्या अकराला पालिकेचं पथक येणार आहे. दुकानाला सील ठोकतील!"

"काढा फडकं!"

प्रत्येक वाक्याला तेच उत्तर. भोवती गर्दी. मला वाटलं, माणूस माझी टिंगल करतोय. मग मी गर्दीकडे वळलो आणि आयुष्यात पहिल्यांदा जागच्या जागी सुचलेलं वाक्य फेकलं: "यांचा धंदा पायांचा! पाय बघावेत, चप्पल द्यावी. लोकांच्या तोंडाशी यांना काय करायचंय?"

अख्खी पेठ हसली. विरोधी पक्षसुद्धा हसला. मेव्हणे म्हणाले, "काय? काय म्हणाले?" कोणी सांगितलं नाही. ते एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. सगळ्यांची तोंडं बांधलेली. मग ते आत गेले आणि पाठ करून बसले. मी जिंकलो होतो.

घरी येऊन मी ते वाक्य बायकोला दोनदा ऐकवलं, दुसऱ्यांदा हातवाऱ्यांसकट. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती उलटेना.

"दादाला ऐकू येत न्हाई," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"आपल्या लग्नाच्या आदीपासनं. मागाच्या आवाजानं कान गेलं त्याचं. तिथं सगळीच ओठावरनं बोलत्यात, त्यो शिकला. दुकान घातलं तवा मला शपथ घातली, कुणाला सांगू नगंस. म्हणाला, बहिरा म्हटलं की लोक येडाच समजत्यात." तिने पदराने डोळे पुसले. "गिऱ्हाईक मास्क घालून आलं की काय मागतंय कळत न्हाई त्येला. आट दिस झालं, दादा धड जेवत न्हाई असं वहिनी सांगत हुत्या. मग लावली पाटी."

मी म्हणालो, "तीस वर्षं मला कसं कळलं नाही?"

"कसं कळंल?" ती म्हणाली. "तुमी कुणाला बोलू दिलंय कवा?"

बाक, फळी, मोबाइल, दिवे गेल्यावरची शांतता, सगळं मला एकदम दिसायला लागलं. जे तीस वर्षं माझ्यासमोर होतं ते दिसायला मला करपलेल्या भाकरीचा वास यावा लागला. आणि लोकांच्या तोंडाशी यांना काय करायचंय, हे माझं एकमेव हजरजबाबी वाक्य डोक्यातून जाईना. मला माझी लाज वाटली. आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी पथकाची गाडी माझ्याआधीच पोचली होती. ती मीच बोलावली होती. मेव्हणे पायरीवर उभे, मागे पाटी, पुढे गर्दी. पथकातला अधिकारी मास्कआडून काहीतरी विचारत होता आणि मेव्हणे छाती काढून म्हणत होते, "आदी फडकं काढा!" दुकानाला सील लागायला एका सहीचा अवकाश होता. यांना ऐकू येत नाही, एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर दुकान वाचलं असतं. पण ज्या माणसाने तीस वर्षं जे झाकून ठेवलं, ते भर पेठेत ओरडून सांगायचं? तेसुद्धा मी, ज्याने काल सगळ्या पेठेला त्याच्यावर हसवलं?

मी सहा फूट लांब उभा राहिलो. तोंडावर उजेड पडेल असा वळलो. दोन्ही मास्क हनुवटीखाली ओढले आणि आवाज अजिबात न काढता बोललो, "दादा. मला कळलं. चुकलो मी. पाटी उतरवा. बाकी मी बघतो."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मागे वळून शांतपणे पाटी उतरवली.

अधिकाऱ्याने मात्र एवढंच पाहिलं की दक्षता समितीचा अध्यक्ष भर गर्दीत मास्क काढून माशासारखी तोंडाची उघडझाप करतोय. पहिली पावती माझ्या नावाने फाडली गेली. माझा फोटो दुपारपर्यंत पेठेतल्या प्रत्येक मोबाइलवर होता. तो ज्याच्यापर्यंत पोचला नाही असा एकच माणूस म्हणजे मेव्हणे, कारण त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. अध्यक्षपद गेलं. शिट्टी परत मागितली, तीही धुऊन द्या म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी दुकानावर नवी पाटी लावली. हयातभर परिपत्रकं वाचली त्याचा तेवढाच उपयोग झाला: 'साथीमुळे या दुकानात बोलण्यास सक्त मनाई आहे. काय हवे ते पाटीवर लिहावे.' बाकावर एक शाळेतली दगडी पाटी आणि पेन्सिल ठेवली. आठ दिवसांनी पथक परत आलं आणि म्हणालं, असं कडक दुकान साऱ्या कोल्हापुरात नाही. शाहूवाडीकडची माणसं भातलावणीआधी चपला न्यायला आली, तीसुद्धा निमूटपणे लिहून बसली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी चित्रं काढली. मेव्हण्यांनी आयुष्यात मान्य केलेला हा पहिला नवा नियम, आणि तो त्यांनी इतरांनी सोडून दिल्यावरही वर्षभर चालवला. आमच्यात त्या दिवसाविषयी कधी एक शब्द निघाला नाही. फक्त एकदा मी पाटीवर 'चहा घेणार का' असं लिहिलं, तर त्याखाली त्यांनी लिहिलं, 'दाजी, तुमचं अक्षर लई वंगाळ.'

आता मास्क गेले. तोंडं उघडी झाली. पण माझं एक निरीक्षण आहे: मास्कमुळे लोकांना पुटपुटायची सवय लागली ती लागलीच. नातवंडं पुटपुटतात, बातम्या देणारे पुटपुटतात, बँकेतली बाई तर नुसते ओठ हलवते. डॉक्टरांनी मला कानातलं यंत्र लिहून दिलं आहे. मी ते घेतलं आणि कपाटात ठेवलं. माझे कान ठणठणीत आहेत, असं मी घरात सांगितलं आहे.

परवा नवी चप्पल घ्यायला दुकानात गेलो. मेव्हण्यांनी जोड काढून दिला. मी फळीवर चढलो, दोन फेऱ्या मारल्या. या वेळी ते खाली बसले नाहीत. फळीला हात लावला नाही. नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वाजती?" त्यांनी विचारलं.

"झकास वाजते," मी म्हणालो.

"दाजी," ते म्हणाले, "ह्या जोडात आवाज घातलाच न्हाई. मुद्दाम बिनबियांचा करून घेतला तुमच्यासाटनं."

मी फळीवर तसाच उभा राहिलो. मला वाटलं आता हसतील. त्यांचा हक्कच होता. ते हसले नाहीत. उठले, आपल्या बैठकीवरची धूळ पंच्याने झटकली आणि म्हणाले, "या. हिकडं बसा. उजेड पाठीला घ्यायचा असतोय."

मी त्यांच्या जागेवर बसलो, रस्त्याकडे पाठ करून. ते समोर बाकावर बसले. दारातलं सगळं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं नीट कधी पाहिलंच नव्हतं. माणूस म्हातारा झाला होता. मग आवाज न काढता ते काहीतरी बोलले. पहिला शब्द मला कळला: दाजी. पुढचं कळलं नाही. ते परत पहिल्यापासून बोलायला लागले, सावकाश.