उचगावचा बॉक्सर अण्णा

आमचा थोरला भाऊ, अण्णा, ठोसे मारून पोट भरायचा. पण गावात त्यानं कुणावर हात उगारलेला मला आठवत नाही. एकदा बांधावरून भांडण पेटलं आणि भावकीतल्या एकानं त्याच्या कानाखाली दिली. अण्णा हात मागे बांधून नुसता उभा राहिला. मी चिडले, तर म्हणाला, "पंच नसंल तिथं हात उचलायचा न्हाय गं."

उचगावाहून तो बेळगावच्या कॅम्पात दूध घालायला जायचा. तिथं गोरे सोजीर जाडजूड हातमोजे घालून ठोशांचा खेळ खेळत. एके सकाळी एकाला जोडीदार मिळेना, तेव्हा अण्णानं किटली खाली ठेवली आणि मोजे मागून घेतले. नाक फुटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. पुढे पलटणीच्या सामन्यांत त्याला पदकं मिळू लागली. मग पुणे, मग मुंबईतल्या तिकीट लावून होणाऱ्या लढती.

आमचे वडील, आप्पा, तालमीतले पैलवान. मुलानं लाल माती सोडून गोऱ्यांचा खेळ धरला म्हणून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. घरी आला की अण्णा वाकायचा आणि आप्पा पाय मागे घ्यायचे. "किताब आणला की बोलतील बघ," तो मला म्हणायचा.

आणि किताबाच्या लढतीपर्यंत तो खरंच पोचला. पण त्याआधीच्या लढतीत डाव्या डोळ्याला मार बसला होता. आणखी एक ठोसा बसला तर डोळा जाईल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. हे त्यानं घरात फक्त मला सांगितलं. मी म्हटलं, "नको जाऊस." तो म्हणाला, "एवढ्या लांब आलोय. आता दारातनं परत फिरू व्हय?"

परतला तो डोळ्याला पट्टी बांधूनच. टांग्यातून सावकाश उतरला. गुणांवर हरला होता, आणि डोळाही गेला होता. सोप्यात बसलेल्या आप्पांनी कित्येक वर्षांनी त्याच्याशी तोंड उघडलं, "पाठ टेकली का रं?"

"न्हाय आप्पा. शेवटपतोर उभा हुतो."

आप्पा उठले, तेल कोमट करून आणलं आणि लेकाचं अंग रगडायला बसले. त्यांच्या हाताखाली अण्णा हमसून हमसून रडला.

माझं लग्न सदलग्यात झालं. दर भाऊबीजेला अण्णा यायचा आणि मला आपल्या उजव्या हाताला बसवायचा. "हिकडं बस. तिकडं दिसत न्हाईस मला." शेवटच्या भाऊबीजेला मी त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेले. बैलगाडी बरीच पुढे गेल्यावर त्यानं डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं. मी हात हलवत होते. त्यानं हात वर केला नाही. मी घरी परतले असंच त्याला वाटलं असणार. पुढच्या उन्हाळ्यात, स्वातंत्र्याच्या थोडं आधी, तो तापानं गेला. मी तिथंच उभी होते, एवढं त्याला सांगायचं राहून गेलं.